ट्रॅकवर गाडी मिसिंग मारते, चेक इंजिन लुकलुकतो आणि सोबत आणखी दोन दिवे: मदत हवी

वळणवेडा

मंडळी नमस्कार. बऱ्याच दिवसांनी लिहितोय, आणि अडचण घेऊनच आलोय.

मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. गाडी जपानी, दोन दारांची, दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, टर्बो नाही, ताकद मागच्या चाकांना. पंधरा वर्षांची झाली. वर्षातून पाच-सहा वेळा ट्रॅक डेला (रेसच्या ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायचा दिवस) नेतो, एरवी फारशी बाहेर काढत नाही.

गेल्या शनिवारी विलोजच्या थंडरहिल ट्रॅकला होतो. तीन मैलांची फेरी, बाहेर ३८ अंश. पहिलं सत्र छान झालं. दुसऱ्या सत्रात चौथ्या फेरीला दोन नंबरच्या वळणात (लांबलचक डावं वळण, संपतच नाही) इंजिनाला उचकी लागल्यासारखं झालं. पुढे सरळ पट्ट्यावर चौथ्या गिअरमध्ये पूर्ण पॅडल दाबलं, ५५०० च्या वर आरपीएम गेले आणि पुन्हा तेच, पण या वेळी धडधड जास्त. चेक इंजिन लुकलुकायला लागला, लगेच ट्रॅक्शन कंट्रोलचा पिवळा दिवाही लागला. पुढच्या फेरीत त्याच दोन नंबरच्या वळणात तेलाचा लाल दिवा क्षणभर चमकून गेला. मी हात बाहेर काढून पिटमध्ये आलो.

कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषांचे नंबर) दोन: पी०३०० आणि पी०३०३. आयडलला इंजिन एकदम शांत. घरी येताना हायवेवर एकदाही झटका नाही, चेक इंजिन मात्र स्थिर पेटलेला. एका गॅरेजला दाखवली, त्यांनी कोड वाचून चारही कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या) आणि चारही प्लग बदला म्हणून सांगितलं, १४०० डॉलर. प्लग तर मी स्वतः दोन महिन्यांपूर्वी बदललेत.

तीन आठवड्यांनी लगुना सेकाच्या ट्रॅकला जायचंय. कॉइल मागवू का?

रिंगवारी

कॉइल राहू द्या बाजूला. तेलाच्या दिव्याबद्दल तुम्ही एक ओळ लिहिलीत आणि पुढे गेलात, मला तीच ओळ सगळ्यात गंभीर वाटते.

तेलाचा लाल दिवा पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. आणि बहुतेक गाड्यांत तो पेटतो तेव्हा दाब अर्ध्या बारच्या आसपास उतरलेला असतो. पाच हजार आरपीएमला तिथे चार बार तरी हवेत. म्हणजे वळणात तेल चेंबरच्या एका भिंतीला जाऊन उभं राहिलं, पंपाच्या तोंडाशी हवा आली आणि क्रँकच्या बेअरिंगला तेवढा वेळ तेल मिळालं नाही. मिसफायर (मिसिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटणं) झाला तर कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरची धूर साफ करणारी जाळी) जाईल, बेअरिंग गेलं तर इंजिन जाईल.

मी जर्मनीत राहते, वर्षातून तीन-चार वेळा नॉर्डश्लाइफ ट्रॅकला जाते. २०.८३२ किलोमीटरची एक फेरी, मध्ये थांबायला जागा नाही. तेलाचा दिवा क्षणभर दिसला आणि नंतर विझला म्हणून फेरी पूर्ण केलेल्या दोन गाड्या मी टो ट्रकवर जाताना पाहिल्यात. कृपया गाडी सुरू करायच्या आधी एवढं करा: सपाट जागेवर तेलाची पट्टी बघा. मग तेल काढा, फिल्टर कापून कागद पसरून बघा. फिल्टर कापायला कटर मिळतो तोच वापरा. करवतीने कापलात तर करवतीचाच लोखंडी भुगा कागदावर दिसेल आणि उगाच घाबराल.

वळणवेडा

धन्यवाद ताई, आज संध्याकाळीच बघतो. घड्याळाखालचा लुकलुकणारा दिवाच माझ्या डोक्यात बसला होता.

उद्यमनगरकर

भावा, ताईंचं आधी ऐक. ते झाल्यावर हे वाच.

कोल्हापुरात आमच्याकडं मिसिंग मारणारी गाडी आली की गिऱ्हाईक पहिल्यांदा हेच विचारतो, "कॉइल बदलू का?" कोड तुला फक्त घराचा नंबर सांगतोय, तिसऱ्या सिलिंडरचं. घरात कोण आजारी आहे ते सांगत नाही. ठिणगी नाही, पेट्रोल नाही, की कॉम्प्रेशन नाही, ते आपण शोधायचं.

चार कॉइल हातात असताना नवी कशाला आणायची? तीन नंबरची काढून एकवर लाव, एकची तीनवर. बाकी कशालाच हात लावू नको. गाडी लोडवर पळव. मिसफायर एक नंबरला गेला तर कॉइल, तीनलाच राहिला तर प्लग नाहीतर इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा). एका वेळी एकच वस्तू हलवायची. दोन हलवलीस की गाडी बरी झाली तरी कशानं झाली ते कळत नाही, आणि ट्रॅकवर दुखणं परत आलं की पहिल्यापासून सुरुवात.

आणि कॉइल काढशील तेव्हा तीन नंबरच्या प्लगच्या विहिरीत (प्लग बसतो त्या खोल भोकात) बॅटरी मारून बघ. तेल आहे का?

अठ्ठावन्न_दाते

मी चाकणला इंजिन कॅलिब्रेशनमध्ये आहे, मिसफायर ओळखणारी प्रणाली हे माझं रोजचं काम. ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) मिसफायर "दिसतो" कसा हे कळलं की पुढचं सोपं जाईल, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ईसीयू ठिणगी बघत नाही. तो क्रँक किती वेगाने फिरतोय ते बघतो. क्रँकला एक दातेरी चाक असतं. बऱ्याच गाड्यांत ६० दात्यांची जागा असते आणि त्यातले २ मुद्दाम काढलेले असतात, उरले ५८ (टोपणनाव त्यावरूनच). दर दाता ६ अंशांचा. चार सिलिंडरच्या इंजिनात दर अर्ध्या फेरीला एक सिलिंडर पेटतो आणि क्रँकला एक धक्का देतो. धक्का चुकला की तेवढ्या अर्ध्या फेरीला किंचित जास्त वेळ लागतो. ७००० आरपीएमला अर्धी फेरी साधारण ४.३ मिलिसेकंदांत होते, आणि त्यात पडणारा फरक मायक्रोसेकंदांत मोजावा लागतो. कोणत्या सिलिंडरच्या पाळीला चाक रेंगाळलं, त्यावरून पी०३०१, ०३०२ वगैरे ठरतं. एकाच सिलिंडरवर बोट ठेवता आलं नाही की पी०३००.

आता ट्रॅकची अडचण. क्रँकला धक्का इंजिनाकडूनच बसतो असं नाही, चाकांकडूनही बसतो. कर्बवरून (ट्रॅकच्या कडेचा उंचवटा) मागचं चाक गेलं की तो हादरा गिअरबॉक्समधून उलटा क्रँकपर्यंत येतो आणि ईसीयूला मिसफायरसारखाच वाटतो. खराब रस्ता ओळखून मोजणी थांबवायची सोय असते, बहुधा एबीएसच्या चाकांच्या सेन्सरवरून, पण ती रस्त्यावरच्या खड्ड्यांसाठी जुळवलेली असते. १४० च्या वेगाने कर्ब खाणाऱ्यांसाठी नसते. म्हणून पी०३०० दिसला की पहिला प्रश्न: कर्बवर होतात का?

लुकलुकण्याचा अर्थही नीट घ्या. दर २०० फेऱ्यांमागे मिसफायर इतके झालेत की न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटेल, असा हिशेब ईसीयूने केला की तो लुकलुकतो. स्थिर दिवा म्हणजे "दाखवून घ्या", लुकलुकता दिवा म्हणजे "आत्ता पॅडल सोडा". आतली विटेसारखी जाळी वितळून अडकली की सायलेन्सरचा रस्ताच बंद होतो. तुम्ही लगेच आत आलात ते फार बरं केलंत. ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा वेगळा आजार नाही. इंजिन सांगितलेली ताकद देईल याची खात्री नसली की बऱ्याच गाड्यांत ती प्रणाली स्वतःला बाजूला करते.

फ्रीझ फ्रेम (कोड नोंदला त्या क्षणाचे आकडे) पाठवा. आणि तुमच्याकडे लॉगर (गाडी चालताना आकडे नोंदत जाणारा) आहे का?

जुनी_फियाट

मी आता मुंबईत निवृत्त आहे, पण कुर्ल्याला बनलेली प्रीमियर पद्मिनी मी २२ वर्षं स्वतःच्या हाताने सांभाळली. पावसाळ्यात मिसिंग मारायची. आम्ही रात्री अंधारात बॉनेट उघडायचो, इंजिन सुरू ठेवून वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारायचो. वायर कुठे फुटली असेल तर निळी ठिणगी बाहेर उडी मारताना डोळ्यांनी दिसायची.

तुझ्या गाडीत कॉइल विहिरीत बसलेली, हे करू नकोस, आणि आताचा झटका पद्मिनीपेक्षा कितीतरी जोरदार असतो. पण नियम तोच आहे बाळा. विजेला सोपा रस्ता हवा असतो. आयडलला सिलिंडरमध्ये दाब कमी, ठिणगी प्लगच्या फटीतून मुकाट उडते. पूर्ण पॅडलला दाब वाढला की तीच फट ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं, मग ती दुसरीकडून पळते. आयडलला शांत आणि लोडवर मिसिंग म्हटलं की माझं पहिलं लक्ष ठिणगीकडेच जातं.

वळणवेडा

काका, फार छान समजावलंत.

आता अहवाल. तेल पट्टीवर दोन खुणांच्या बरोबर मध्ये होतं, म्हणजे साधारण अर्धा लिटर कमी. मी "मध्ये आहे, चालेल" म्हणून नेली होती. फिल्टर कापला, कागद पांढऱ्या ट्रेमध्ये धुतला, चुंबक फिरवलं. चमक नाही. जीव भांड्यात पडला.

तीन नंबरच्या विहिरीत तेल आहे! फार नाही, पण प्लगच्या षटकोनाभोवती ओलसर कडं. बाकी तीन कोरड्या. तेल पुसून तीनची कॉइल एकवर लावली, एकची तीनवर. हायवेच्या चढणीवर तिसऱ्या गिअरमध्ये ओढून बघितली. आणि आता मी पूर्ण गोंधळलोय: मोड ०६ मध्ये (गाडीच्या कॉम्प्युटरच्या चाचण्यांचे आकडे दाखवणाऱ्या पानावर) मिसफायरची मोजणी एक नंबरला १४ आणि तीन नंबरला ११. दोन्हीकडे! दोन आणि चार शून्य. इंजेक्टर पण गेला का?

रिंगवारी

फिल्टरबद्दल वाचून बरं वाटलं. आता तेल वरच्या खुणेपर्यंत ठेवा आणि दर सत्रानंतर पट्टी बघा. रस्त्यावर "मध्ये आहे" चालतं, लांब वळणात चालत नाही. आणि जमलं तर खरा दाब दाखवणारा काटा बसवून घ्या. दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असतो.

उद्यमनगरकर

भावा, गोंधळू नको, ही तर चांगली बातमी. दुखणं दोन ठिकाणी आहे पण एकाच बापाचं.

तीन नंबरचा प्लग बाहेर काढ. पांढऱ्या चिनी मातीवर वरपासून खालपर्यंत पेन्सिलनं ओढल्यासारखी काळी रेघ दिसंल. मग त्या कॉइलचा रबरी बूट आतून बघ, आरसा किंवा मोबाइलचा कॅमेरा घाल. तिथंही तशीच रेघ. तेलानं रबर मऊ झालं, फुगलं, प्लगला घट्ट बसंना. लोडवर ठिणगी फट सोडून मातीवरून घसरून बॉडीला गेली. एकदा गेली की कोळशाची रेघ उमटते, आणि कोळसा वीज वाहून नेतो. मग तोच तिचा कायमचा रस्ता.

तू कॉइल हलवलीस तसा बूटही सोबत गेला, म्हणून एक नंबर आजारी. रेघ पडलेला प्लग तीनलाच राहिला, म्हणून तीनही आजारी. नुसता प्लग बदलला असतास तर बुटातली रेघ नव्या प्लगवर उमटली असती आणि महिन्याभरात तू परत इथंच आला असतास. एक नंबरचा प्लगही आता बघून घे.

षटकोनाच्या लगत गोल तपकिरी डाग असला तर त्याला घाबरू नको, तो सगळ्याच प्लगना येतो. उभी रेघ वाईट.

वळणवेडा

रेघ आहे. अगदी म्हणालात तशी, केसासारखी बारीक, वरून खालपर्यंत. बुटात पण आहे. एक नंबरच्या प्लगवर नुकतीच सुरू झालेली अर्धवट रेघ. फोटो चढवलेत.

कॉइल चारही चांगल्या असाव्यात असं वाटतं. नवा बूट वेगळा मिळतो, चारही मागवले. तेल टॅपेट कव्हरच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून येत होतं. विहिरीभोवतीच्या रबरी कड्या बोटाने दाबल्या तर प्लास्टिकसारख्या कडक. पॅकिंगचा पूर्ण संच, चार बूट, चार प्लग. सगळं मिळून गॅरेजच्या आकड्याच्या पाचव्या हिश्श्याइतकंही झालं नाही.

बदलून त्याच चढणीवर चार वेळा ओढली. चारही सिलिंडर शून्य!

मुळशी_रोड

अभिनंदन! वाचतेय, माझ्या गाडीचं टॅपेट कव्हर पण ओलं आहे, या रविवारीच विहिरी उघडून बघते.

अठ्ठावन्न_दाते

अभिनंदन, पण अजून एक गोष्ट उरलीय. तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये दोन वेगळी वर्णनं आहेत. सरळ पट्ट्यावर पूर्ण पॅडलला "धडधड", ती उद्यमनगरकरांनी पकडली. पण दोन नंबरच्या वळणात "उचकी" आली तेव्हा पॅडल अर्धंच असणार. अर्ध्या पॅडलला रेघेवरून ठिणगी घसरायचं कारण कमी. शिवाय एका सिलिंडरच्या दोषाला नुसता पी०३०३ पुरला असता, सोबत पी०३०० का? लॉग पाठवा ना. आणि त्या सत्राला टाकीत पेट्रोल किती होतं?

वळणवेडा

सत्र सुरू केलं तेव्हा काटा एक तृतीयांशाच्या जरा खाली. वजन कमी राहावं म्हणून मी मुद्दाम कमी भरतो. लॉग पाठवलाय, फोनवरचा, जीपीएससकट.

अठ्ठावन्न_दाते

मिळाला. हे बघा, मला वाटतं उत्तर इथेच आहे.

लॉगमधली लॅम्बडाची (हवा आणि पेट्रोलच्या प्रमाणाची) रेघ दोन्ही ठिकाणी वर जाते, म्हणजे दोन्ही ठिकाणी मिश्रणात पेट्रोल कमी "दिसतं". घाईत बघणारा म्हणेल, पंप गेला. पण मिसफायर झाला की न जळलेला ऑक्सिजन तसाच सायलेन्सरमध्ये जातो, आणि सेन्सर ऑक्सिजनच मोजतो. म्हणजे ठिणगी चुकली तरी सेन्सर पेट्रोल कमी असल्याचंच सांगणार. त्यामुळे रेघ वर गेली एवढ्यावर काही ठरत नाही. आधी काय झालं ते बघायचं.

सरळ पट्ट्यावर: आधी तीन नंबरची मोजणी वाढते, मग लॅम्बडा. म्हणजे ठिणगी. दोन नंबरच्या वळणात: आधी लॅम्बडा ०.९८ वरून १.१ च्या पुढे जाते, जवळजवळ अर्ध्या सेकंदाने मिसफायर सुरू होतात, आणि ते चारही सिलिंडरना वाटून. म्हणजे पेट्रोलच कमी पडतंय. जीपीएसवर बघितलं तर दोन्ही फेऱ्यांत वळणात शिरल्यावर तीन-चार सेकंदांनी, एकाच जागी.

डाव्या वळणात टाकीतलं पेट्रोल उजवीकडे चढतं. पंपाचं तोंड टाकीत डावीकडे आहे का तेवढं बघा. असेल तर वळण लांब आणि टाकी रिकामी असताना पंप हवा ओढणार, जसा तेलाचा पंप ओढत होता. एकाच वळणाने दोन्ही पंप कोरडे केले.

वळणवेडा

मागचं सीट काढून झाकण बघितलं. पंप डावीकडेच आहे!

मी इतके दिवस हे एकच दुखणं समजत होतो, कारण दिवा एकच होता. तेलाचा दिवा, उचकी आणि धडधड, तिन्ही दहा मिनिटांत झाल्यामुळे मी त्यांची एकच गोष्ट बनवून टाकली. त्या दिवशी पिटमध्ये बसून "कोणत्या वळणात, कोणत्या आरपीएमला, पॅडल किती, टाकी किती" एवढं वहीत लिहून ठेवलं असतं तर तुम्हा सगळ्यांचा निम्मा वेळ वाचला असता. आता डॅशबोर्डच्या कप्प्यात वही ठेवलीय.

जुनी_फियाट

वही ठेवलीस हे उत्तम. माझी पद्मिनीची वही अजून कपाटात आहे, प्रत्येक प्लगची फट लिहिलेली.

मुळशी_रोड

एक शंका. प्लग किती घट्ट करायचे? माझ्याकडे टॉर्क पाना नाही, आतापर्यंत अंदाजाने केलेत.

उद्यमनगरकर

ताई, पाना घ्याच. ॲल्युमिनियमच्या हेडला १४ मिलिमीटरचा प्लग साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर, तरी तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडा खरा. इंजिन थंड असताना, आधी हातानं शेवटपर्यंत फिरवायचा. हातानं फिरंना तर आटे तिरके बसलेत, परत काढायचा. आणि लेप दिलेल्या प्लगला आट्यांवर ग्रीस लावायचं नाही, त्यानं पाना २५ दाखवतो आणि प्लग त्यापेक्षा जास्त आवळला जातो.

वळणवेडा

लगुना सेकाहून आत्ताच परत आलो, म्हणून लगेच लिहितोय.

चार सत्रं झाली. टाकी अर्ध्याच्या खाली एकदाही जाऊ दिली नाही, तेल वरच्या खुणेवर. ट्रॅक घड्याळाच्या उलट दिशेचा, डावी वळणं जास्त, त्यामुळे दोन नंबरच्या डाव्या हेअरपिनला माझे कान इंजिनावरच होते. उचकी नाही. नवीन दाबाचा काटा कुठेही तीन बारच्या खाली आला नाही.

तिसऱ्या सत्रानंतर मोड ०६ उघडलं तर दोन नंबरला ३ आणि चार नंबरला २ मिसफायर. छातीत धस्स झालं. मग लॉग बघितला: लॅम्बडा जागची हलली नाही, आणि पाचही कॉर्कस्क्रू नावाच्या वळणांच्या उतारावर, जिथे मी उजव्या कर्बवर चाक घालत होतो तिथेच. चौथ्या सत्रात कर्ब सोडून गेलो. शून्य.

अठ्ठावन्न_दाते, लॉग तुम्हाला पाठवलाय. ताई, दोन सत्रांमध्ये मिळून तेल पाव लिटर लागलं, हे जास्त आहे का?

रिंगवारी

उन्हात, पूर्ण पॅडलवर दोन सत्रांना पाव लिटर चालेल, पण आकडा त्या वहीत लिहा. पुढच्या वेळी तेवढ्याच सत्रांना अर्धा लिटर लागलं तर लीकडाउन (सिलिंडरमधून हवा किती गळते याची चाचणी) करून घ्या. आणि पाव लिटरचा डबा गाडीत नको, एक लिटरचा ठेवा.